वहिनी पुढे निघून गेली

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. मशिनवरची माणसं, टेम्पोवाला, नायलॉन पुरवणारा व्यापारी, सगळे. नणंदही वहिनीच म्हणायची. नणंद वयाने चांगली मोठी, नावाने हाक मारायचा तिला पूर्ण अधिकार होता, पण दिवसभर चार माणसं जे म्हणतात तेच तिच्याही तोंडात बसलं होतं. नणंदेला सगळे ताई म्हणत, आणि ताई म्हणजे मालकीण. कारखाना ब्रशचा. दात घासायचे किंवा भिंती रंगवायचे ब्रश नव्हेत. यंत्रात बसवायचे, लाटण्यासारखे गोल, काही तर माणसाच्या उंचीचे. ताईंनी तो वडिलांबरोबर सुरू केला आणि वडील गेल्यावर एकहाती वाढवला. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत.

वहिनी लग्न होऊन आली ती वर्षाच्या आत कारखान्याच्या ऑफिसात जाऊन बसली. परदेशी गिऱ्हाइकांना मेल ती लिहायची, त्यांच्या तक्रारी ती निस्तरायची, माल बंदरात अडकला की फोनला ती चिकटायची. भाव मात्र ताई ठरवत. आणि कोणी पाहुणा आला की ताई ओळख करून देत, "ही आमची वहिनी." पाहुण्याला वाटे, घरातली बाई चहाचं बघायला आली आहे. एकाने तर रिकामा कप तिच्या हातात दिला होता. तिने तो घेतला, आत पाठवला आणि मग त्याच माणसाशी अर्धा तास पॅकिंगवर बोलली. पण तो कप काही ती विसरली नाही.

तिला कागदावर भागीदार व्हायचं होतं. महिन्याच्या शेवटी ताई खर्चाला म्हणून एक पाकीट देत, ते नको होतं. हिस्सा हवा होता. नवऱ्याला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "ताईला तूच विचार. तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडणार नाही." त्याची बँकेतली नोकरी आणि त्याचं वर्तमानपत्र, त्यापलीकडे तो कशातच पडत नसे. त्यामुळे विचारायचं तिलाच होतं, आणि तिची जीभ नेमकी तिथेच अडत होती. ताई वाईट नव्हत्या. पण त्यांच्याकडे काही मागायला गेलं की त्या चष्म्यावरून अशा बघत, की मागणाऱ्याला आपण चोरी करायला आलो आहोत असं वाटावं.

अशात परदेशातून बोलावणं आलं. काचेचे मोठमोठे तक्ते धुणारी यंत्रं बनवणारी एक कंपनी होती. त्यांना ब्रश हवे होते, पण आधी नमुने बघायचे होते आणि समोरासमोर बसून भाव ठरवायचा होता. दोघींपैकी कोणीच कधी परदेशी गेलेलं नव्हतं. कामाची वाटणी ताईंनी घरीच करून टाकली. भाव त्या सांगणार, वहिनी तो इंग्रजीत सांगणार. नमुन्यांची चाकांची पेटी ताईंकडे राहणार, तिकिटं आणि फोन वहिनीकडे. एकच फोन तिकडे चालू करून घ्यायचा, कारण, "दोघी बरोबरच तर असणार. दोन-दोन फोन हवेत कशाला?" भर पावसातही नवी छत्री घ्यायला ज्या तयार होत नसत, त्या ताईंपुढे कोण बोलणार?

वहिनीने मात्र मनाशी वेगळाच बेत केला होता. आठवडाभर ताई आपल्याला एकट्या सापडणार. तिथे कामगार नाहीत, ताईंचा फोन नाही, घर नाही. कधीतरी चांगली वेळ बघून विषय काढायचा. पण विमानात ताई शाल डोक्यावरून घेऊन झोपल्या त्या उतरेपर्यंत. विमानतळावरून शहरात येणाऱ्या गाडीत त्यांनी पेटीवरची नजर हलवली नाही. हॉटेलच्या खोलीत त्या पलंगावर मांडी घालून बसल्या आणि उद्या काय भाव सांगायचा, गिऱ्हाईक काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचं, याची तालीम करत राहिल्या. गिऱ्हाइकाचं काम वहिनीला करावं लागलं. ताईंनी तिच्याशी इतकी घासाघीस केली की शेवटी ती खरोखरच चिडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. कंपनी शहराबाहेर दूर होती. आधी एका गाडीने मोठ्या जंक्शनला जायचं आणि तिथून दुसरी गाडी पकडायची. पहिली गाडी मिनिटभरही उशीर न करता आली, तेव्हा ताई म्हणाल्या, "यांना दुसरं काही काम नाही वाटतं." गाडीत शिरल्यावर त्यांनी सीटवर हात फिरवून पाहिला, खिडकीची काच नखाने टकटक वाजवून पाहिली. मग पायात पेटी घट्ट धरून बसल्या. बाहेर घरं, गोदामं, परत घरं. सगळं स्वच्छ, आणि बघण्यासारखं काही नाही. वहिनीला वाटलं, हीच वेळ.

"ताई, एक बोलायचं होतं."

"मीटिंगचं?"

"नाही. आपलं. कारखान्याचं."

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मीटिंग होऊन जाऊ दे. डोक्यात आकडे आहेत माझ्या, आता मध्ये काही घालू नकोस."

वहिनीने खिडकीकडे तोंड वळवलं. तिला राग आला होता. इतक्या वर्षांत या बाईच्या डोक्यात आकडे नव्हते असा एकही दिवस तिला आठवत नव्हता.

जंक्शन मोठं होतं. वर चढा, खाली उतरा, पाट्या वाचा. एकाच फलाटावरून तीन-तीन दिशांच्या गाड्या सुटत होत्या, एक गेली की दोन मिनिटांत दुसरी. वहिनीने फोनवर बघून फलाट शोधला, पाटीवर गावाचं नाव दोनदा वाचलं. गाडी आली. आणि ताई नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "तू हो पुढे, जागा धर. मी पेटी घेऊन येते."

ही या दोघींची जुनी रीत. एसटी असो, लग्नाची बस असो, प्रदर्शनाला जायची गाडी असो, वहिनी अंगाने सडपातळ, ती गर्दीतून घुसायची, एका सीटवर स्वतः बसायची, दुसरीवर ओढणी टाकायची, आणि ताई सामान घेऊन मागून निवांत यायच्या. त्या कामात वहिनीचा हात कोणी धरला नसता. आताही तिने विचार केला नाही. पर्स छातीशी धरून ती चढली, आतल्या दाराने डब्यात शिरली, खिडकीपाशी बसली आणि समोरच्या सीटवर ओढणी टाकली. मग तिने डबा पाहिला. डब्यात सहा-सात माणसं होती. बाकी सगळ्या सीटा रिकाम्या, हव्या तेवढ्या, आणि ती मात्र ओढणी टाकून राखण करत बसली होती.

तिला हसू यायला लागलं होतं, एवढ्यात बारीक शिट्टीसारखा आवाज झाला. तिने बाहेर पाहिलं. ताई दाराशी होत्या. पेटीचं एक चाक फलाटाच्या कडेला अडकलं होतं आणि त्या वाकून ते सोडवत होत्या. दार त्यांच्या नाकासमोर मिटलं. ताईंनी काचेवर हात मारला, दोनदा, तीनदा. वहिनी धावत दाराशी आली, बटणं दाबली, मूठ आपटली. गाडी हलली. ताई चार पावलं गाडीबरोबर चालल्या, मग पेटी मागे राहिली म्हणून थांबल्या. त्यांचं तोंड हलत होतं, पण काचेतून चकार शब्द ऐकू आला नाही.

ताईंकडे फोन नाही. तिकीट नाही. इंग्रजी म्हणाल तर बिलावर वाचण्यापुरतं. हॉटेलचं नाव तरी त्यांना आठवत असेल का, याचीही खात्री नाही. एक गोष्ट मात्र नक्की होती. चुकामूक झाली की आहे तिथून हलायचं नाही, हे ताईंनी अख्ख्या घराला शिकवलं होतं. त्या त्याच फलाटावर बसून राहणार, कोणी उठवलं तरी उठणार नाहीत.

तिकीट तपासणारी बाई आली. वहिनीने तिला सगळं सांगितलं, फक्त जागा धरल्याचं सांगितलं नाही. बाई शांत होती, असल्या गोष्टी तिला रोजच्याच असाव्यात. ती म्हणाली, "पुढचं स्टेशन लांब आहे. तिथे उतरून तुम्हाला परत जाता येईल. मी जंक्शनला फोन करते, आमचा माणूस त्यांना भेटेल. काय सांगायचं त्यांना?"

"सांगा..." वहिनी थांबली. "थोडं थांबा, मी सांगते."

तिने कंपनीला फोन लावला. खरेदी बघणारे साहेब दुपारनंतर बाहेरगावी जाणार होते. आज भेट झाली नाही तर पुढच्या महिन्यात बघू, तोवर आणखी एका ठिकाणचे ब्रश त्यांच्याकडे येणारच आहेत, असं पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं. पुढच्या महिन्यात या दोघी घरी असणार होत्या. आणि परत एवढा खर्च करून ताई येणार? सूर्य पश्चिमेला उगवला तरी नाही.

स्टेशन आलं. दार उघडलं आणि वहिनी उतरली. समोरच्या फलाटावर उलट जाणारी गाडी लागलेलीच होती. मधला पूल चढून गेलं की झालं. ती पुलाच्या पहिल्या पायरीपर्यंत गेलीसुद्धा. मग मागे वळून तिने आपली गाडी पाहिली. दारं अजून उघडी होती, आणि सीटवर तिची ओढणी तशीच पडलेली दिसत होती.

ती परत चढली.

तिकिटवाल्या बाईला तिने सांगितलं, "त्यांना सांगा, मी मीटिंगला जाते आहे. दुपारी परत येते. बसून राहा म्हणावं." बाईने मान हलवली आणि फोन करायला गेली. वहिनी खिडकीशी बसली. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून आपण पुढे चाललो आहोत, असं ती स्वतःला सांगत होती. ते खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की आज तिच्या पुढे कोणी नव्हतं. ताई भेदरून बाकावर बसल्या असतील हे कळत असूनही तिला बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटत होती.

कंपनी स्टेशनजवळच होती. लांबच लांब शेड, आत माणसांपेक्षा यंत्रं जास्त. साहेब उंच होते आणि सगळ्यांशी वाकून बोलायची त्यांना सवय लागली होती. बरोबर एक इंजिनियरबाई, हातात मोजपट्टी. साहेबांनी आपलं कार्ड पुढे केलं आणि वहिनीच्या कार्डाची वाट बघत उभे राहिले. तिच्याकडे कार्ड नव्हतं. कार्डं फक्त ताईंची छापली होती.

"माझ्याकडे कार्ड नाही," ती म्हणाली. "मी कंपनीची भागीदार आहे."

मराठीत जे कधी तोंडातून निघालं नाही, ते इंग्रजीत सहज निघून गेलं. आपण बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. साहेबांनी नुसती मान डोलावली. त्यांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतं.

"आणि नमुने?"

"नमुने दुसऱ्या भागीदारांकडे आहेत. त्या जंक्शनवर राहिल्या. जागा धरायला मी आधी चढले."

साहेबांना कळेना. "आमच्या गाड्यांत जागा असते."

"ते मला चढल्यावर कळलं."

इंजिनियरबाई हसल्या, आणि मग साहेबही. त्यांनी तिला यंत्र दाखवलं. काचेचा तक्ता आत सरकत होता, वरून-खालून पाणी पडत होतं, ब्रश फिरत होते. जुन्या ब्रशांचे केस एका बाजूला आडवे पडले होते आणि काचेवर ओघळ राहत होते. वहिनीने असल्या तक्रारींना इतक्या मेलमधून उत्तरं दिली होती की तिला विचारच करावा लागला नाही. रात्री यंत्र बंद केल्यावर ब्रश काचेला टेकलेलाच ठेवता का, असं तिने विचारलं. इंजिनियरबाईंनी ऑपरेटरकडे पाहिलं, ऑपरेटरने छताकडे. काही गोष्टींचं तिला नीट उत्तर देता आलं नाही. तिथे तिने कारखान्यात विचारून उद्या सांगते म्हटलं.

मग सगळे टेबलाशी बसले आणि साहेबांनी भाव विचारला. ताईंनी घोकून घेतलेला भाव तिने सांगितला. साहेबांनी डोकं हलवलं. ताईंनी सांगितलेली शेवटची पायरी, जिच्या खाली जीव गेला तरी उतरायचं नाही, ती तिने सांगितली. साहेब म्हणाले, अजून थोडं. "तुम्ही भागीदार आहात, म्हणजे ठरवू शकता ना?"

यावर एकच उत्तर होतं. वर्षभराचं काम देणार असाल तर आणखी दोन टक्के सोडते, ती म्हणाली. साहेबांनी इंजिनियरबाईंकडे पाहिलं आणि हात पुढे केला. उद्या सकाळी नमुने घेऊन या, इंजिनियरबाई बघतील, नमुने ठीक असले तर वर्षाचं काम तुमचं.

परतीच्या गाडीत तिचा आनंद पहिल्या दोन स्टेशनांपुरता टिकला. मग भीती बसली. आपण या बाईला परक्या मुलखात टाकून आलो. वर तिच्या कंपनीत परस्पर भागीदार झालो, आणि तिने आखून दिलेल्या रेघेच्या खाली उतरलो. यातल्या एकेका गोष्टीवर ताई वर्षभर अबोला धरू शकल्या असत्या. वहिनीने मनात चार-पाच वाक्यं तयार केली. जंक्शन येईपर्यंत त्यांतलं एकही धड राहिलं नाही.

ताई त्याच फलाटावर, जवळजवळ त्याच जागी, बाकावर बसल्या होत्या. पेटी गुडघ्यांत, तिचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. बाजूला न उघडलेली पाण्याची बाटली. चेहरा इतका लहान झाला होता की वहिनीला क्षणभर त्या कोणी दुसऱ्याच वाटल्या. तिला बघून ताई उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

"आधी बाथरूम कुठे आहे ते विचार," त्या म्हणाल्या.

पेटी सोडून जाता येत नाही म्हणून त्या इतका वेळ तशाच बसल्या होत्या, आणि पाणीही त्याचसाठी प्यायल्या नव्हत्या. त्या जाऊन येईपर्यंत वहिनी पेटीजवळ उभी राहिली. परत आल्यावर ताईंनी अर्धी बाटली एका दमात संपवली.

"एक गणवेशवाला येऊन बोलून गेला," त्या म्हणाल्या. "सिस्टर, मीटिंग, एवढं कळलं. त्याच्या आधी मला वाटलं, तुला काही झालं. दार बडवलं मी किती. हात सुजलाय बघ."

तळहात खरंच सुजला होता. वहिनीने तो हातात घेतला. तिला फार वाईट वाटलं. "चुकलं माझं, ताई."

"मधल्या स्टेशनावर उतरता आलं नाही का?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. "उतरले होते."

"मग?"

"परत चढले. परत आले असते तर मीटिंग गेली असती."

ताईंनी हात काढून घेतला. एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. ताई त्या गाडीकडे बघत होत्या. "मला इथे फार भीती वाटली," त्या साध्या आवाजात म्हणाल्या. "परत असं करू नकोस."

"नाही करणार."

"काय म्हणाले ते?"

वहिनीने सांगितलं. उद्या नमुने दाखवायचे, पसंत पडले तर वर्षाचं काम. ताईंची पाठ जरा ताठ झाली. मग वहिनीने उरलेलंही सांगून टाकलं. "त्यांनी विचारलं मी कोण. मी म्हटलं, भागीदार."

"भाव काय ठरला?"

तिने आकडा सांगितला. ताईंचे ओठ हलले. त्या हिशेब करत होत्या हे वहिनी ओळखत होती. "दोन टक्के खाली गेलीस."

"हो."

"तुला सांगितलं होतं, त्याच्या खाली यायचं नाही."

"वर्षाचं काम मिळत होतं, ताई. तुम्ही असता तर..."

"मी असते तर नसते सोडले," ताई म्हणाल्या. "ते मी सोसणार नाही. तुझ्या हिश्शातून कापणार."

वहिनीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "माझ्या हिश्शातून?"

"मग काय माझ्या?" ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "भाव कुणी सोडला? भागीदार म्हणवून घ्यायचं आणि तोटा मी भरायचा, असं नाही चालणार. घरी गेलो की वकिलाकडे जाऊ, कागद करू, आणि पहिल्या वर्षी ते दोन टक्के तुझ्याकडून वळते करून घेईन."

"कापा," वहिनी म्हणाली, आणि त्या अनोळखी फलाटावर तिला रडू कोसळलं.